सुभेदारांच्या हाताजोगती सुरी

आमच्या शेडमध्ये भुसा आणि किस्से दोन्ही सारखेच साठतात. फरक एवढाच, की भुसा रविवारी झाडून काढता येतो. किस्से कोण झाडणार? कुणी चहाचं आधण ठेवलं, की ते आपोआप बाहेर पडायला लागतात!

शेड माधवनगरला, चौगुल्यांची. त्यांचे माग विकून झाले, शेड उरली. आता तिथं एक लांबलचक बाकडं, एक ग्राइंडर आणि दर रविवारी आम्ही चौघं. पहिले चौगुले स्वतः, द्राक्षबागायतदार, पक्के जैन. लाकडात किडा दिसला तर ते फळी उन्हात ठेवतात आणि किडा स्वखुशीनं जाईपर्यंत कामच बंद! दुसऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. तिसरे वडूजकडचे सुभेदार, फौजेतून रिटायर होऊन सांगलीत स्थायिक झालेले. आणि चौथा मी, चित्रकलेचा मास्तर. नोकरी संपली, पण ओरडायची सवय काही गेली नाही.

हे सगळे किस्से एका सुरीचे आहेत. लाकडावर खूण करायच्या सुरीचे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा सुरीचे काय किस्से? ऐका तर!

*

सुरुवात माझ्या पेन्सिलीनं झाली.

उभा जन्म मी पोरांना पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते शिकवलं. त्यामुळे स्टूल करायला घेतलं तेव्हा सगळ्या रेघा मी माझ्या फोर एच पेन्सिलीनं मारल्या. काय रेघा होत्या राव! बघत बसावं अशा. फळ्यांचे दात कापले, एकमेकांत बसवले, आणि चौगुल्यांना अभिमानानं हाक मारली.

चौगुले वाकले. एक डोळा मिटून त्यांनी जोडाच्या फटीला दुसरा डोळा लावला.

"मास्तर, ह्यातनं समोरची एस्टी दिसत्या की! बोर्डबी वाचता येतोय. तासगाव!"

मी भडकलो. त्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. कापायचं रेघेच्या अलीकडं की पलीकडं? सुरीनं खूण केली की लाकडात बारीक चीर पडते. पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप जाऊन बसतं. चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही."

"मग आणा की एकदाची सुरी!" मी ओरडलो.

झालं. तिथून पुढं आमच्या शेडमध्ये दुसरा विषयच राहिला नाही.

*

त्याच सुमाराला एका रविवारी सुभेदार आले ते छाती पुढं काढूनच.

"आमच्या सुप्रियाला दिवस गेल्यात! पाळना मी करनार!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. चौगुल्यांनी लगेच जपून ठेवलेलं सागवान काढलं. म्हणाले, "आपण चौघं मिळून हां हां म्हणता करू."

"न्हाई." सुभेदारांचा आवाज एकदम परेडवरचा झाला. "पोरीच्या जन्माच्या टायमाला मी बॉर्डरवर व्हतो. तिच्या पाळन्याला माझा हात लागला न्हाई. ह्यो पाळना सगळा माझ्या हातचा पायजे. कुनी पटाशीबी धरायची न्हाई!"

चौगुल्यांनी सागवान हळूच खाली ठेवलं, कारण सुभेदारांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवला की किणकिण ऐकू येते. मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. काळजीचं काही नाही, पण थरथर राहणार, असं ते म्हणाले होते. आणि पाळण्याच्या चारी कोपऱ्यांना दातांचे जोड येणार. रेघ हलली तर जोड ढिला, आणि जोड ढिला तर त्यात पोर कोण घालणार?

म्हणजे आता सुरी अशी पाहिजे, की थरथरत्या हातातसुद्धा रेघ सरळ जाईल. आम्ही तिघं पेटलोच!

*

पहिला नंबर डॉक्टरीणबाईंनी लावला. त्यांनी दवाखान्यातलं ऑपरेशनचं पातं आणलं. धार अशी, की बघतानाच अंगावर काटा यावा.

सुभेदारांनी फळीवर गुण्या ठेवला. काटकोन बघायची आमची पट्टी, तिला सुतार गुण्या म्हणतात. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "घाबरू नका हं. दुखलं तर डावा हात वर करा."

पातं पातळ. ते गुण्याला सोडून लाकडाच्या रेषांच्या मागं निघालं. सुभेदारांनी जोर लावला. क्षणभर काहीच झालं नाही.

मग सुभेदारांनी शांतपणे डावा हात वर केला. अंगठ्यातून रक्ताची धार!

"आवं, वरडायचं तरी!" चौगुले किंचाळले.

"आर्डर हात वर करायची व्हती," सुभेदार म्हणाले.

*

मग चौगुल्यांची पाळी. त्यांनी द्राक्षाचं कलम करायची घडीची सुरी काढली. सगळी बाग हिच्यावर उभी आहे म्हणाले. आम्हीही भक्तिभावानं बघितली.

पण घडीच्या सुरीचा खिळा थोडा तरी ढिला असतोच. त्यात सुभेदारांचा हात. खिळ्याची हालचाल वेगळी, हाताची वेगळी! रेघ सापासारखी गेली. सुभेदारांचं तोंड उतरलं.

"थांबा, मी दाखवतो," म्हणून चौगुल्यांनी सुरी घेतली आणि मन लावून खूण केली. खूण केल्यावर त्यांचा हात सरळ खिशात गेला, खिशातून कलमाची पट्टी निघाली, आणि आम्ही बघतोय तोवर त्यांनी चिरेवर ती गच्च गुंडाळलीसुद्धा! सवय, दुसरं काय!

सुभेदारांनी फळी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "चौगुले, पानी रोज घालायचं का एक दिवसाआड?"

त्या दिवशी शेडमध्ये परत काम झालं नाही. हसून हसून माझी बरगडी धरली होती.

*

आता कोयनेचा किस्सा!

डॉक्टरीणबाईंनी चिडून जपानी पद्धतीची सुरी ऑनलाइन मागवली. जाड पातं, तिरकं टोक, एक बाजू आरशासारखी सपाट आणि दुसरी उतरती. व्हिडिओ बघून आम्ही सगळे वेडे झालो होतो. पार्सल "पोहोचलं" असा मेसेज आला, पण पार्सलचा पत्ता नाही. शोधतो तर काय, बाईंच्या फोनमध्ये दिवाळीला जावेला साडी पाठवलेला पत्ता राहिलेला. जाऊबाई कोयनानगरच्या कॉलनीत. सुरी घाट चढून तिकडं गेलेली!

फोन लावला तर जाऊबाई खूश. "अगं, काय सुरी पाठवलीस! फणसाचे दोन तुकडे केले, कळलंसुद्धा नाही!"

"फणस?" मी फोन हिसकावून घेतला. "अहो ताई, ती लाकडाची सुरी आहे!"

"फणस काय लोण्याचा असतो का?" तिकडून उत्तर आलं.

लगेच गाडी काढली आणि चौघं निघालो. घाटातली वळणं घेऊन घेऊन चौगुल्यांचा चेहरा कच्च्या द्राक्षासारखा हिरवा झाला. जाऊबाईंनी चहा केला, सुरी घासूनपुसून पुढं ठेवली. सुभेदारांना दम कुठला! तिथंच टेबलावर पोळपाट उलटा घातला, चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं पोळपाटावर रेघ मारायला लागले.

आणि खालून गुरगुर आली! भांडी वाजली, टेबल हललं, आमच्या समोरचे कप बशीत सांडले. हादरा! मी तर दाराकडं उडीच मारली.

सुभेदार जागचे हलले नाहीत. उजव्या हातात सुरी, तोंडभर हसू. ओरडले, "बघा! आता समद्यांचेच हात हालत्यात!"

"काही नाही, बसा हो, इथं होतं असं," जाऊबाई म्हणाल्या आणि सांडलेले कप भरायला निघाल्या. सुभेदारांच्या डाव्या हातातला कप मात्र भरलेलाच होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

सुरी एका नव्या विळीच्या बदल्यात परत मिळाली. जाऊबाई तयारच नव्हत्या!

*

एवढी धावपळ करून आणलेली सुरी. पुढच्या रविवारी सुभेदारांनी सागवानाच्या खऱ्या फळीवर ती टेकवली. सुप्रियाला सातवा सरला होता. आम्ही श्वास रोखून उभे.

हात थरथरला. सुरी गुण्याच्या कडेवरून घसरली आणि फळीवर तिरकी चीर पडली. दुसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मास्तर, तुमीच करा पाळना," ते म्हणाले. "मी दोरी बांधीन."

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. एवढा मोठा गडी, पाठ वाकवून बसलेला! मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी ओरडतो. "पाळणा तुमच्याच हातचा होणार! नाहीतर ह्या शेडमध्ये रंधा चालणार नाही!" चौगुलेही म्हणाले, "माझीच शेड हाय, मी कुलूप घालतो." डॉक्टरीणबाई नाक पुसत होत्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली. वडूजहून सुभेदारांची आई आलेली. नव्वदीच्या घरातली बाई, पण नजरेतून काही सुटेल असं नाही. नातीच्या बाळाचा पाळणा बघायला घरी न थांबता थेट शेडवर!

"कुटं हाय पाळना?" त्यांनी आत येत विचारलं.

"व्हतोय आई," सुभेदार म्हणाले. आईपुढं नाही कसं म्हणणार? उठले, आत आले, परत सुरी धरली. परत थरथर सुरू.

आई काठी टेकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आरं, ह्या हातानं कशापाय करतूयास? डाव्यानं कर की!"

"आई, डाव्यानं कसं व्हईल?"

"न व्हायला काय झालं? तू डावराच हायस. ल्हानपनी घास डाव्या हातानं घ्यायचास. लोक नावं ठेवायची, म्हनून मीच तुजा हात पदराला बांधून ठिवायची. लय रडायचास तवा." आईंनी पदराचं टोक चाचपलं. "चुकलंच माजं. पर आता कोन बांधतंय? कर!"

सुभेदारांनी सुरी डाव्या हातात घेतली. हात खांबासारखा स्थिर! मला एकदम कोयनेचा तो भरलेला कप आठवला. "अहो, कप!" मी ओरडलो. कुणालाच काही कळलं नाही.

*

पण थांबा! सुरी लावली, तर डाव्या हातानंसुद्धा रेघ वाकडीच!

"आता काय झालं?" मी केस उपटायचे बाकी ठेवले होते.

डॉक्टरीणबाईंनी सुरी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. खूण करायच्या सुरीची सपाट बाजू गुण्याला टेकली पाहिजे. ही सुरी उजव्या हातासाठी बनवलेली. डाव्या हातात घेतली की उतरती बाजू गुण्याला लागते आणि पातं गुण्यावरच चढतं. एवढे दिवस आम्ही पोलाद बघितलं, टोक बघितलं, मूठ बघितली, व्हिडिओ बघितले. सुरी कुठल्या हातात जाणार, हे एकानंही बघितलं नव्हतं!

"ग्राइंडर चालू करा!" सुभेदार गरजले.

चौगुल्यांनी लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घेतलं आणि मधून मोडून दोन तुकडे केले. एका तुकड्याला तिरकं टोक काढलं आणि धार नेमकी उलट्या बाजूनं लावली. ठिणग्या उडत होत्या, आम्ही तिघं "पाण्यात बुडवा, तापू देऊ नका!" म्हणून एकदमच ओरडत होतो. मुठीला सुताची दोरी गुंडाळली. दिसायला अगदी भिकार सुरी! दुसरा तुकडा चौगुल्यांनी तेल लावून फळीवर ठेवून दिला.

सुभेदारांनी डाव्या हातानं रेघ मारली. चर्रर्र! एकच सरळ, बारीक चीर. पटाशीचं टोक तिच्यात ठेवलं, ते जाऊन बसलं. त्यांनी वर बघितलं, आणि फौजेतला तो माणूस आमच्यासमोर रडला.

आईंनी लेकाच्या डाव्या हातावरून बोटं मोडून दृष्ट काढली.

*

बारशाला पाळणा भरला. मी स्वतः जोडात कागद घालून बघितला, गेला नाही. चौगुले एक डोळा मिटून फटीला डोळा लावायला वाकले आणि म्हणाले, "एस्टी बंद हाय आज!"

आता शेवटचा. हा परवाचाच.

नातीचं उष्टावण होतं. सुभेदारांच्या घरी पाहुण्यांची गर्दी, मधोमध तो पाळणा, आणि मामाच्या मांडीवर नटूनथटून बसलेली ती चिमुरडी. मामानं चांदीच्या वाटीतली खीर चमच्यात घेतली आणि पुढं केली. पोरीनं झडप घालून चमचा धरला. डाव्या हातानं!

चार बायका एकदम पुढं सरकल्या. "अगं बाई, उजव्या हातात दे, उजव्या!"

"खबरदार!" कोपऱ्यातून काठी आपटली. सुभेदारांची आई उठून उभी राहिली होती. "कुनी हात लावाल तर!"

बायका मागं सरल्या. पोरीनं खीर अर्धी तोंडात आणि अर्धी मामाच्या सदऱ्यावर घेतली.

सुभेदार माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच चौगुल्यांकडं सरकले.

"चौगुले, त्या पात्याचा दुसरा तुकडा हाय न्हवं?"

"हाय की. तेल लावून ठेवलाय."

"त्यालाबी तसलीच धार लावून ठिवा. मूठ जरा बारीक करा. घाई न्हाई."