सोळा इंचांचं सूप

तुम्ही शेवटचं सूप विकत घेतलं, तेव्हा ते विणणाऱ्या बाईने तुमचे हात पाहिले होते का?

प्रश्न विचित्र वाटेल. तुम्ही दुकानात टांगलेलं सूप काढून घेतलं असेल, किंवा प्लास्टिकचं आणलं असेल, किंवा तुमच्या घरात सूपच नसेल. माझी माय लग्न होऊन आली तेव्हापासून चामोर्शीच्या आठवडी बाजारात बसते, आणि गिऱ्हाईक बाई समोर आली की आधी त्या बाईचे हात पाहते. कोपरापासून मनगट किती लांब, खांदे कसे, बाई बसून पाखडते की उभ्याने. मग सांगते, पुढच्या बाजारी या. आठवड्याने ती बाई येते, सूप उचलते, रिकामंच दोनदा झटकते आणि घेऊन जाते. आमच्याकडे सूप असं विकलं जातं. त्यावर माप लिहिलेलं नसतं. मायला इंच माहीत नव्हते. ते मी शिकवले, आणि त्यात तिचा धंदा कसा गेला ते मला सांगायचं आहे.

आम्ही बुरड. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, विणायचं. बा संघटनेत होता. वनखात्याकडून हिरवा बांबू वेळेवर मिळावा म्हणून त्याने निवेदनं दिली, मोर्चे काढले, पत्रकं वाटली. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, बोटांना शाई लागणारी. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. शाळेत बाकीची मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मला ‘बंधू-भगिनींनो’ वाचता येत होतं. उरलेल्या गठ्ठ्यांचे वह्यांना पुठ्ठे व्हायचे, डब्याखाली तेच अंथरायचो. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, म्हणजे लोक उठतात, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं आहे. बा म्हणायचा, उठतात खरे, पण घरी जायले उठतात.

गेल्या काही वर्षांत बाजारातून माय डोक्यावर अर्धा ढीग परत आणू लागली. धान आता मशीन कापतं आणि मशीनच साफ करतं. रेशनचा तांदूळ पाखडायला जे सूप लागतं ते निळ्या प्लास्टिकचं मिळतं, शेजारच्याच पालावर. मायच्या समोरून जाणाऱ्या बायांचे हात ती अजूनही पाहायची, पण त्या थांबत नव्हत्या. मी तेव्हा गडचिरोलीत शिकत होते, शनिवार-रविवारी घरी यायचे. मोबाइल माझ्याकडे होता. वाटलं, आपल्यालाच काहीतरी करायला हवं.

अशात तालुक्याच्या सभागृहात प्रशिक्षण झालं. वस्तू विकणाऱ्या एका ॲपचे लोक आले होते. हाताने वस्तू बनवणाऱ्या बायांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, पडद्यावर चित्रं दाखवली. सांगणारा तरुण मनापासून सांगत होता, हे मी आजही कबूल करते. दुकान लागत नाही, दलाल लागत नाही, बाजाराचा दिवस लागत नाही, असं तो म्हणाला. एक फोटो, एक माप, आणि गिऱ्हाईक देशभरातलं. शेवटी त्याने कुणाला शंका आहे का विचारलं. माय उठली. पदर सारखा केला.

“सर, ज्या बाईले म्या पाह्यलंच नाई, तिचं सूप कसं करू?”

सभागृह हसलं. तोही हसला, जरा गोंधळून. म्हणाला, मावशी, एकच माप ठेवायचं, सगळ्यांना सारखं. माय तशीच उभी राहिली. लाज मला हसणाऱ्यांची वाटायला हवी होती. मला मायची वाटली. मी उठले आणि तिच्या वतीने सांगितलं, जमेल, सर.

त्या आठवड्यात मी माझं पहिलं स्वतःचं पत्रक लिहिलं. पिवळा कागद. ‘भगिनींनो, बाजार आता तुमच्या तळहातावर’ असा मथळा. गडचिरोलीत छापून आणलं आणि आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात दिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं: आधी तुह्या मायचं होऊ दे, मग आमी पाहू.

गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, बांधावर, येतं. मी पांढरी चादर घेऊन पाळीवर गेले, चादरीवर सूप ठेवलं, फोटो काढला. ॲपने लांबी विचारली. घरात त्या दिवशी एकच तयार सूप होतं. शेजारच्या गावातल्या एका उंच बाईसाठी मायने ते विणलं होतं आणि ती न्यायला आलीच नव्हती. मी टेप लावली. सोळा इंच. मी सोळा लिहिलं. जी बाई आली नाही तिच्या हाताचं माप सगळ्या देशासाठी ठरलं, आणि मला तेव्हा ते ध्यानातही आलं नाही.

पहिली मागणी ऊर्जानगरहून, वीजकेंद्राच्या वसाहतीतून आली. माय एकदम खूश. ऊर्जानगर तिच्या ओळखीचं. पूर्वी ती तिथल्या क्वार्टरांमध्ये टोपल्या घेऊन फिरली होती. तिथल्या बाया ओट्याशी उभ्याने पाखडतात, हे तिने पाहिलेलं. तिने सूप विणलं, मी खोक्यात घातलं, चामोर्शीला नेऊन कुरिअरला दिलं. बाजारात वीस सुपं एकात एक बसवून माय डोक्यावर सहज नेते; कुरिअर मात्र वजन पाहत नाही, जागा पाहतं, म्हणून एकट्या सुपाला पुस्तकांच्या पेटीएवढा खर्च लागला. तरी आठवड्याने पाच तारे आले. खाली लिहिलं होतं, अगदी हाताला बसलं. मी ते तीनदा वाचून दाखवलं. माय म्हणाली, “बसनच ना. म्या पाह्यल्या आहेत तिथल्या बाया.”

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मग मागण्या दुरून येऊ लागल्या. पुण्याच्या, नाशिकच्या, एक तर थेट दिल्लीची. प्रत्येक मागणी आली की माय म्हणायची, नाव वाच तं. पत्ता वाच. मी वाचायचे आणि ती हातातली कामटी फिरवत ते नाव स्वतःशी पुन्हा म्हणायची. मला वाटायचं, तिला मजा येते आहे. कधी नव्हे ते तिचं सूप दिल्लीला चाललं आहे, तर नाव ऐकावंसं वाटणारच. इंच-दोन इंचांचा फरक माझ्या डोळ्याला कळत नाही. माझे डोळे मोबाइलवर होते.

पहिलं सूप परत आलं तेव्हा सोबत फोटो होता. सुपावर टेप लावलेली, चौदा इंच. ‘दाखवलं एक, दिलं दुसरं.’ एक तारा. मग दुसरं, मग तिसरं. मी शनिवारी घरी येऊन तिन्ही खोकी मायसमोर ठेवली आणि आवाज चढवून विचारलं की सोळा सांगितलं असताना हे काय आहे.

तिने पहिलं सूप उचललं. म्हणाली, हिचं नाव तूच वाचलं ना? जुन्या वळणाचं नाव, म्हणजे म्हातारी बाई. “म्हाताऱ्या खांद्याले सोळाचं कसं पेलन?” दुसऱ्या बाईच्या नावामागे डॉक्टर होतं, डाक्टरीन बाई पाखडून पाखडून किती पाखडन, म्हणून तिला लहान आणि हलकं. तिसऱ्या पत्त्यात ‘पाचवा मजला’ होतं. तिथे अंगण नसणार, दोन भिंतींमध्ये हात किती फिरतील, म्हणून त्याचं तोंड अरुंद ठेवलं होतं.

बा खाटेवर हसता हसता खोकायला लागला. म्हणाला, “सीबीआयले पाठवा हिले.” मायही हसली. मीही हसले. मग मोबाइलकडे पाहिलं आणि हसणं राहून गेलं. ज्या बायांना तिने कधी पाहिलं नव्हतं त्यांना ती नावातून, पत्त्यातून पाहायचा प्रयत्न करत होती. आणि त्या प्रत्येकीला वाटत होतं की आपल्याला फसवलं. म्हाताऱ्या नावाची बाई ॲपवरच्या तिच्या फोटोत पंचविशीतली निघाली. तिने लिहिलं होतं, सूप भिंतीला टांगायला मागवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ॲपवरचं आमचं पान बंद झालं. सूचना इंग्रजीत होती. मदतीच्या नंबरवर एक मशीन बोललं आणि त्याने मला एक दाबायला, मग तीन दाबायला, मग वाट पाहायला सांगितलं. ॲपवर अर्ज करता येत होता. त्यात कारणांची यादी होती: माल तुटलेला, चुकीचा माल, माप चुकीचं, उशीर. मी पाळीवर उभी राहून यादी वरखाली करत राहिले. ‘विणणारीने गिऱ्हाइकाची काळजी केली’ असं कारण नव्हतं. शेवटी ‘इतर’ निवडलं आणि लिहायला लागले. बाने आयुष्यभर लिहिली तशी निवेदनाची भाषा होती, मुद्देसूद, तापलेली. चौथ्या वाक्यावर चौकट भरली. पुढचं अक्षर उमटेना. मी ते कापून कापून चौकटीत बसवलं. पाठवलं. लगेच उत्तर आलं की आपला अर्ज नीट वाचून विचारात घेतला आहे, मापातली सुधारणा दाखवल्यास पुन्हा पाहू. एवढ्या वेळात कुणी वाचलं असणं शक्य नव्हतं.

मी बाला ते दाखवलं. सरकारी कचेऱ्यांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा त्याने जपून ठेवलेला आहे. तो म्हणाला, “माही तं पावती तरी माणूस द्यायचा. दोन शिव्या घालता याच्या त्याले.”

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पत्रकांच्या गठ्ठ्याखाली जाड पुठ्ठा येतो, माझ्या पिवळ्या पत्रकांचा घरात पडून होता. तो मी सुपाच्या आकाराचा कापला, बरोबर सोळा इंच, आणि मायला दिला. सांगितलं, नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, यावर ठेवायचं आणि विणायचं. तिने विचारलं, “हे कोनाच्या हाताचं?” मी म्हटलं, कोणाच्याच नाही, तेच तर चांगलं.

तिने विणलं. दीड महिना. बांबू फोडताना बोलायची तिची सवय गेली, कोणती बाई कशी पाखडते याच्या नकला गेल्या. तयार सूप पुठ्ठ्यावर ठेवायची, कड जुळली का पाहायची, बाजूला ठेवायची. मी दर शनिवारी नव्या सुपांचे फोटो टेपेसकट पाठवले. उत्तर दर वेळी तेच, शब्दाला शब्द. पान उघडलं नाही. सुपं भिंतीशी एकात एक बसून छताकडे चढली. सगळी सारखी, एकही मागेपुढे नाही.

ती शेवटी चामोर्शीच्या बाजारात न्यावी लागली. त्या दिवशी मी सोबत होते. मायची जुनी गिऱ्हाईक आली, धानाच्या गावातली. तिने वरचं सूप उचललं, दोनदा झटकलं आणि परत ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. मग मायकडे पाहून हळूच म्हणाली, “बाई, हे माह्या हाताचं नाई.” भांडली नाही, भाव केला नाही. थोडा वेळ उभी राहिली, मायने काही म्हणावं म्हणून. माय ढिगाच्या कडा जुळवत राहिली. ती बाई शेजारच्या पालावर गेली आणि निळं सूप घेऊन निघाली. तेही तिच्या हाताचं नव्हतं. पण त्याच्याकडून तिची तशी अपेक्षा नव्हती.

दुपारनंतर एक नवी सून आली, सासूने पाठवलेली. बुटकी, बारीक मनगटांची. हिरवा चुडा कोपरापर्यंत. मला एवढं तरी पाहता येतं की तिला लहान सूप हवं. मी मायकडे पाहिलं. आता ती पाहील, म्हणेल, पुढच्या बाजारी ये. मायने मान वर केली नाही. हात ढिगाकडे गेला, वरचं सूप उचललं, पुढे केलं.

“घे. सोळा इंच आहे.”

मी तिला इंच शिकवले होते. ते तिला आले.

त्याला आता दोन वर्षं होत आली. आमच्या ओळीतल्या बायांनी माझं पत्रक परत केलं नाही, पण वापरलंही नाही. दोन घरं मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली. माय अजून विणते, कमी. पुठ्ठा मी फाडून टाकला. तिला आता त्याची गरज नाही, तिचे हात आपोआप सोळावर थांबतात. मी तिला कितीदा म्हटलं, जुन्यासारखं पाह्य ना बायांकडे. ती म्हणते, कोन उभी राह्यते आता पाहू द्याले. ॲपवर पुन्हा जा, नवं पान काढ, असं मला शिकलेली माणसं सांगतात. पान निघेलही. त्यात हात दाखवायची जागा कुठे आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी पत्रकांवर वाढलेली आहे आणि पत्रकाच्या शेवटी मागणी असते. मी मोठ्या मागण्या लिहून पाहिल्या. त्या चौकटीत मावल्या नाहीत. ही एक लहान आहे, आणि तुमच्याकडे आहे. तुमच्या जवळच्या आठवडी बाजारात कुठल्यातरी कोपऱ्यात सुपं घेऊन एक बाई बसलेली असेल. येत्या बाजारी तिच्याकडे जा. माप विचारू नका, मोबाइल काढू नका. बाह्या कोपराच्या वर सारा, दोन्ही हात तिच्यासमोर धरा आणि सांगा की सूप या हातांसाठी हवं आहे. ती बहुतेक न पाहताच वरचं सूप पुढे करेल. ते घेऊ नका. ती पाहीपर्यंत तिथेच उभ्या राहा.