समोरचं वजन

मिस्त्री,

परवा जिन्यात तुम्ही मला अडवून म्हणालात, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्या, फोटोच्या मागे चिकटवीन." मी मान हलवली. तुमच्याशी बोलायचं म्हणजे मानेचाच व्यायाम. वहिनींना जाऊन वर्ष होत आलं, चार ओळींना हरकत काय असणार? पण लिहायला बसले आणि दर ओळीत तुम्हीच कडमडायला लागलात. तुमचं ते चायनीज ऑम्लेट वगळून वहिनींचे शेवटचे महिने सांगताच येत नाहीत. तेव्हा तिऱ्हाइताने सांगावी तशी सगळी हकिकत लिहिते. यात वरच्या मजल्यावरची एक बाई येते, ती मी. फोटोच्या मागे हे मावणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. राहायचे मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. चौतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये काढली. मोटारीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि बेअरिंग कुठे कुरकुरतंय ते ओळखायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच मोटारींनी शेवटी त्यांचे कान खाल्ले. निवृत्त झाले तेव्हा डावा पार गेला होता, उजव्यात थोडी धुगधुगी होती. पाच वर्षांत तीही विझली. कानात घालायचं यंत्र आणलं तर ते शिट्टी मारायचं. शिट्टी मिस्त्रींना ऐकू यायची नाही, वहिनींना यायची. तिसऱ्या दिवशी यंत्र खणात गेलं.

ऑम्लेट त्यांनी एका हॉटेलात उचललं. तिथली सामानाची लिफ्ट थेट भटारखान्यात उघडायची. सकाळची तपासणी करून उतरले की तिथला चिनी आचारी त्यांच्यापुढे बशी सरकवायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, सगळा कारभार हातवाऱ्यांचा. दोन अंडी, चमचाभर पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर, तिरका चिरलेला पातीचा कांदा, मूठभर मोड, किसलेलं आलं, पांढरी मिरी, सोया सॉसचे चार थेंब. कढईतलं तेल चांगलं धुरावलं की एकदम ओतायचं, म्हणजे कडा फुगून झालर धरते. आणि मग तो आचारी झारा आपल्या कानाला लावायचा. बघू नकोस, ऐक! ओतल्यावर जो तडतडाट होतो तो पाण्याचा. पाणी सरलं की आवाज खाली बसतो, नुसती कुजबुज उरते. तेवढ्यात उलटायचं. आधी उलटलं तर फाटतं, उशीर झाला तर चामडं. बेअरिंगवाल्या माणसाला हे एका सकाळीत समजलं. पुढे तीस वर्षं त्यांच्या घरात रविवारचा नाश्ता ठरलेला. कान गेल्यावरही चालू राहिला, कारण वहिनी शेजारी उभ्या राहून वेळेवर कोपराने ढोसायच्या. या ढोसण्याबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरने छातीचा फोटो पाहिला, रक्ताचा कागद पाहिला, काट्यावर घातलं. एकोणचाळीस किलो. "या भूल सोसणार नाहीत. घरी न्या, खायला घाला. चव्वेचाळीस भरल्या की आणा, टेबलावर घेतो. मग पायावर उभ्या राहतील."

दोघांना मूलबाळ नाही. वहिनी आडव्या, मिस्त्री बहिरे, आणि सगळं येऊन ठेपलं पाच किलोंवर.

पण वहिनींची अन्नावरची वासनाच उडालेली. दूध नको, सूप नको, भात समोर आला की तोंड भिंतीकडे. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ते रविवारचं करा." मिस्त्री उडालेच. धावत स्वयंपाकघरात गेले, तेल तापवलं, ओतलं, आणि कढईकडे बघत उभे राहिले. कोपर नव्हतं ना शेजारी! बाहेरच्या खोलीतून वहिनी ओरडायला लागल्या, "अहो, उलटा! उलटा म्हणते ना!" मिस्त्रींची पाठ ढिम्म. धूर जिन्यात आला तशी वरची बाई आग लागली म्हणून बादली घेऊन खाली धावली. वहिनी पलंगावरून हात हवेत फेकत होत्या. "भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना वळली असती हो ताई!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक कढईच्या कानाला, मूठ कानामागे. काही नाही. मग मूठ दातांत धरली. त्यानेही काही नाही, उलट तेलाचा थेंब उडून ओठाला फोड आला. वरची बाई म्हणाली, "घड्याळ लावा आणि मोकळे व्हा." मिस्त्रींनी तिच्या ओठांवरून एवढं वाचलं आणि तुच्छतेने मान फिरवली. तेल रोज सारखं तापत नाही, कांदा रोज सारखा ओला नसतो, हे पदवीधर बाईला कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी त्यांनी सुतळी ओढली. पलंगापासून निघाली ती पडद्याच्या कड्यांमधून, बोळाच्या कोपऱ्यावर एक छोटी कप्पी ठोकून तिच्यावरून, थेट स्वयंपाकघरात. तिचं टोक मिस्त्रींच्या डाव्या मनगटाला. एक हिसका म्हणजे ओता. दोन म्हणजे उलटा. तीन म्हणजे उतरवा. लांब ओढली तर हातातलं टाकून इकडे या. वहिनी डोळे मिटून कान देऊन पडायच्या. तेल, तडतडाट, कुजबुज, की दोन हिसके. पहिल्याच सकाळी असं सोनेरी, झालरीचं ऑम्लेट बशीत आलं की वरची बाईसुद्धा गप्प बसली. हे सहसा घडत नाही.

"लगाम आला बाई एकदाचा माझ्या हातात," वहिनी म्हणाल्या.

"लग्नातच मागून घ्यायचा होतात."

"तेव्हा ऐकू येत होतं ना त्यांना."

"मग?"

"येत होतं, पण ऐकत कुठे होते!"

आणि त्यांनी उगाचच सुतळी लांब ओढली. मिस्त्री झारा हातात घेऊन धावत आले. "काय? काय झालं?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही. बघितलं, येता का ते."

वहिनी खायला लागल्या. आधी अर्धं, मग पाऊण, मग सबंध. मिस्त्रींनी दोनाची तीन अंडी केली.

दर रविवारी वजन. काटा साधा, जमिनीवर ठेवायचा, त्यावर वहिनी उभ्या कशा राहणार? मिस्त्री त्यांना दोन्ही हातांवर उचलून काट्यावर चढायचे. त्यांना खालचा आकडा दिसायचा नाही, म्हणून वरची बाई वाकून वाचायची आणि बोटांनी दाखवायची. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी आधी स्वतःला तोललं होतं, सहासष्ट. दोघांचे मिळून एकशे पाच. वहिनी एकोणचाळीस, दवाखान्याचा आकडा तंतोतंत जुळला. मिस्त्रींनी तो पेन्सिलने भिंतीवर लिहिला. पुढच्या रविवारी एकशे पाच. त्यापुढच्या रविवारी एकशे सहा, तेव्हा त्यांनी बाईला चहा पाजला. मग परत एकशे पाच. भिंतीवर एकोणचाळीस, एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस.

"जातंय कुठे हे सगळं?" मिस्त्री वहिनींच्या हातांकडे बघून विचारायचे. "मी समोर बसून खाऊ घालतोय, जातंय कुठे?" वहिनी ओशाळायच्या, चोरी केल्यासारख्या. आणि आणखी दोन घास कोंबायच्या.

असा दीड महिना गेला. एका रविवारी बाई आकडा वाचायला वाकली तर तिच्या नाकासमोर मिस्त्रींच्या पँटचा पट्टा. त्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक, त्याच्या पुढे आणखी एक. बाई ताठ झाली. कॅलेंडरच्या पाठीवर तिने खसाखसा लिहिलं, "तुम्ही स्वतःला शेवटचं कधी तोललंत?"

मिस्त्रींनी वाचलं. "पहिल्या दिवशी. का?"

"दर वेळी सहासष्टच वजा करता?"

"मग काय करायचं? ते समोरचं वजन." अडाण्याला समजवावं तसं ते समजवायला लागले. "लिफ्टच्या दोराला एका टोकाला पिंजरा, दुसऱ्या टोकाला समोरचं वजन. बिडाचे ठोकळे. आत माणसं चढतात, उतरतात, ते वजन बदलत नाही. एकदा ठरलं की ठरलं."

"तुम्ही बिडाचे आहात का?" बाई एवढ्या जोरात ओरडली की खालचे भाडेकरू बाहेर आले. मिस्त्रींना ते अर्थातच ऐकू आलं नाही. तिने त्यांना दंड धरून काट्यावर उभं केलं.

एकसष्ट.

एकशे पाचातून एकसष्ट. वहिनी चव्वेचाळीस भरल्या होत्या, कदाचित कधीच्याच. दीड महिना ऑम्लेट त्यांच्या अंगी लागत होतं, आणि तेवढेच मिस्त्री झिजत होते. ते स्वतः सकाळी काय खातात हे ना बायकोने विचारलं होतं, ना वरच्या बाईने. दर रविवारी काटा वाचणारी तीच, वजाबाकी शाळेत शिकलेली तीच. मिस्त्री भिंतीसमोर उभे राहिले. आकडे खोडावेत की कसं, हे त्यांना कळेना. मग वहिनींच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "चोर मी होतो गं."

दुसऱ्याच दिवशी गाडी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने नवा फोटो काढला आणि मिस्त्रींकडे न बघता बाईशी बोलला, कारण ऐकणारी तीच. हाडाची टोकं झिजली आहेत. पडून पडून छातीत कफ साठलाय, हृदय थकलंय. वजन आहे, पण आता त्या वजनाचा उपयोग नाही. महिन्यापूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी. घरीच सांभाळा.

मिस्त्रींनी बाईपुढे कागद धरला. काय म्हणाले? बाईने पेन उचललं. एरवी तोंडावर बोलणारी बाई, तिच्या हाताला ऐन वेळी काय झालं देव जाणे. तिने लिहिलं, "सध्या नको म्हणतात."

मिस्त्रींनी त्यातला 'सध्या' तेवढा उचलला. त्याच्यावर आठ दिवस जगले. नवव्या दिवशी औषधांच्या दुकानातून चिठ्ठी आणली. एक मोठा सर्जन परगावाहून आलाय, शनिवारपर्यंत आहे, नको म्हटलेल्या केसेस घेतो. मात्र नंबर फोनवरच लावायचा. "ताई, एवढा फोन करा. मला बोलता येईल, पण तिकडून काय म्हणतात ते कोण ऐकणार?"

"उद्या सकाळी दवाखाने उघडले की करते," बाई म्हणाली. करणारच होती.

सकाळी ती खाली गेली तेव्हा मिस्त्री कढईपाशी, पाठमोरे. वहिनींच्या बोटाला सुतळी. चिठ्ठीचं त्यांना कळलं होतं.

"ताई, तो फोन करू नका," त्या म्हणाल्या. अगदी नेहमीच्या आवाजात. दार लावायची, कुजबुजायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातला माणूस दहा पावलांवर होता आणि त्याला काही कळणार नव्हतं.

"का म्हणून? काहीतरी बोलू नका."

"दवाखान्यात तो डॉक्टर बोलला ते मी ऐकलंय. तुम्ही कागदावर काय लिहिलंत तेही बघितलं." एक हिसका. आत तडतडाट उठला. "मी टेबलावरच गेले, तर हे जन्मभर म्हणतील, मीच नेलं. आधीच त्या दीड महिन्यावरून झोपत नाहीत."

"आणि उभ्या राहिलात तर?"

"तुम्हाला वाटतं राहीन?"

बाईला खोटं बोलता आलं असतं.

"मला काट्यावर धरतात ना, तेव्हा त्यांचे गुडघे थरथरतात. तुम्ही आकडा बघता, मला ते अंगाला लागतं. त्या माणसाला आणखी एक..." वहिनींनी बोट वर केलं. तडतडाट खाली बसत बसत कुजबुजीवर आला. दोन हिसके. आत झारा फिरला. "आणखी एक चूक नको त्यांच्या माथी. मला शब्द द्या."

"त्यांना मी काय सांगू?"

"सांगा लागत नाही म्हणून. त्यांना कुठे ऐकू येतंय?"

तीन हिसके. मिस्त्री बशी घेऊन आले, दोघींच्या तोंडांकडे बघून म्हणाले, "काय चाललंय? माझी निंदा?" वहिनी म्हणाल्या, "मग काय, आरती ओवाळू?" आणि बशी ओढून घेतली. सबंध खाल्लं त्या दिवशी.

बाईने शब्द दिला नाही. फोनही केला नाही. गुरुवारी मिस्त्रींनी भुवया उंचावून विचारलं, तिने हाताने नकार दाखवला. शुक्रवारीही तेच.

शनिवारी सकाळी मिस्त्री स्वतः वर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, जणू फोनवरून दिसणार होते. "माझ्यासमोर लावा. एंगेज असेल तर आपण दोघं वाट बघू."

बाईने रिसीव्हर उचलला. समोर चिठ्ठी, समोर मिस्त्री. तिने स्वतःच्याच घराचा नंबर फिरवला. टूं टूं टूं. "एंगेज," ती ओठ नीट हलवून म्हणाली.

मिस्त्रींनी हात पुढे केला. रिसीव्हर घेऊन उजव्या कानाला लावला, मग कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मग तो परत दिला.

"चालू आहे ना तिकडचा?"

बाईने होकारार्थी मान हलवली.

"मग लागेल. लावत राहा. एकपर्यंत असतात ते. मी खाली जातो, तिला एकटं ठेवलंय."

बाई एक वाजेपर्यंत फोनसमोरून हलली नाही. चिठ्ठीवरचा नंबर तिने एकदाही फिरवला नाही.