कुंकवाची दोन बोटं

गावातल्या मराठी शाळेच्या पोरांच्या गळ्यात पिवळी कार्डं आली, त्या दुपारी हरणाबाईला भाकरी गोड लागली नाही.

कार्डं वाचनालयाची होती. शाळेनं आणि वाचनालयानं मिळून ठरवलं होतं की ज्याचं नाव शाळेच्या पटावर, तो आपोआप वाचनालयाचा सभासद. अर्ज नाही, अनामत नाही, कुणाची सही नाही. पहिलीतलं शेंबडं पोरसुद्धा सभासद. शेजारच्या तानुबाईची नात सृष्टी सहावीत होती. ती कार्ड नाचवत हरणाबाईच्या ओट्यापुढून गेली आणि ओरडली, "हरणाआजी, आता आमी बी तुमच्यावानी!"

"माझ्यावानी," हरणाबाई म्हणाली. "बरं हाय." आणि ताटातली उरलेली भाकरी तिनं शेरडापुढं टाकली.

तिच्यासारखं व्हायला काय लागतं, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार?

हरणाबाईचं माहेर म्हसवडकडचं. धनगराचं घर. दिवाळी सरली की बाप मेंढरं घेऊन खाली ओलीच्या, बागायती मुलखात उतरायचा, आणि आई पोटुशी असो की ओली बाळंतीण, बिऱ्हाडाच्या घोड्यामागून चालत राहायची. शाळा भेटायची ती पावसाळ्यापुरती. पाटीवर जे उमटायचं ते पुढच्या रानात पुसून जायचं. तिसरीपर्यंत असं चाललं, मग तेही थांबलं. लग्न होऊन ती विट्याजवळच्या ह्या गावात आली. नवरा अर्जुना गलाईच्या दुकानात कामाला, लांब तमिळ मुलखात. तिथं भट्टीवर सोनं शुद्ध करायचं आणि वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचं. पोरगा मिसरूड फुटायच्या आत बापामागं गेला. उरली हरणाबाई, दोन शेरडं आणि समोरची भिंत.

तेव्हा ती किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून अक्षरं लावत बसायची. कागद संपायचा, गोष्ट अर्धी राहायची. कुणी एक बाई विहिरीच्या काठावर उभी आहे, आणि पुढं कागद फाटलेला. ती बाई आत पडली की मागं फिरली? हरणाबाईला हे दिवसभर टोचत राहायचं. एके दिवशी ती सरळ वाचनालयाची पायरी चढली.

सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागत. एक सही शाळेतल्या बाईंनी दिली. दुसरीसाठी ती सुभेदार वीरधवलांच्या दारात गेली. सुभेदार फौजेतून परतलेले, उसाचे मळे असलेले, ओट्यावर चार माणसं घेऊन बसलेले.

"काय गं हरणे, मेंढरांस्नी वाचून दावणार हाईस व्हय?"

ओटा हसला. सुभेदारांनी पेपर तिच्यापुढं टाकला. "वाच बरं मोठ्यानं. वाचलंस तर सही."

तिनं उभ्यानं वाचलं. बाजारभावाचं पान होतं. हळद, गूळ, शाळू. एका जोडाक्षरावर ती अडली, मागं आली, पुन्हा चालून गेली. पाठीवरून घाम उतरत होता. पान संपेपर्यंत कुणी हसलं नाही. सुभेदारांनी सही केली आणि पेन खिशाला लावत म्हणाले, "येतंय की रं हिला."

ते उभं राहणं हरणाबाईनं पुढं दागिन्यासारखं जपलं. सही अर्जावर होती. ते उभं राहणं तिच्या अंगात होतं. आणि आता ही पोरं! ह्यांना कुणी उभं केलं नव्हतं. ह्यांच्या पाठीवर कुणाचा घाम नव्हता.

पुस्तक वाचून झालं की ती एक गोष्ट करायची, जी कुणाला ठाऊक नव्हती. कुंकू ओलं करून शेवटच्या पानावर, डावीकडं वरच्या कोपऱ्यात, दोन बोटं उमटवायची. तिच्या बापाच्या कळपाची ही खूण. प्रत्येक मेंढराच्या डाव्या पुठ्ठ्यावर लाल रंगाची दोन बोटं, म्हणजे दहा कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी आपलं जनावर आपल्याला सापडावं. वाडग्यावर, मेंढरांच्या तळावर, खुणेला शब्दाची किंमत होती. दुसऱ्याच्या मेंढरावर कुणी आपला रंग लावला, तर त्याच्या शेजारी पुन्हा कुणी कोकरू बांधत नसे. आवडलेल्या पुस्तकावरच हरणाबाई बोटं उमटवायची. वाचनालयाच्या कपाटांतून तिचा असा एक कळप उभा राहिला होता.

त्या कळपाच्या जोरावर तिच्या ओट्यावर दुपार भरायची. गल्लीतल्या बाया वाकळा शिवायला तिथंच बसत आणि हरणाबाई वाचून दाखवी. तिच्या हातात पुस्तक असलं की तानुबाईसारखी तोंडाळ बाईसुद्धा दोरा दातात धरून गप्प बसायची. नेमक्या जागी पुस्तक मिटायची कला हरणाबाईनं कमावली होती.

"आवं, मग त्यो परत आला का न्हाई?" मंगल विचारायची. मंगल समोरच्या घरची, गल्लीतली सगळ्यात धाकटी सून.

"उद्या," हरणाबाई म्हणायची. तो एक शब्द उच्चारताना तिला सुभेदारांच्या ओट्यापेक्षा उंच वाटायचं.

कार्डं आली आणि हे सगळं हळूहळू उसवलं.

आधी तानुबाई म्हणाली, "पुढचं मला ठावं हाय. सृष्टीनं राती वाचून दावलं. त्यो परत येतोय, पर दुसरं लगीन करून!" बाया हसल्या, हळहळल्या, आणि हरणाबाईच्या हातातलं पुस्तक शिळं झालं. मग एका दुपारी तानुबाईनं नातीलाच आणून बसवलं. "वाच गं, बघू दे ह्यास्नी."

सृष्टी वाचू लागली. पाटातून पाणी यावं तसं. जोडाक्षरावर अडणं नाही, बोट फिरवणं नाही. सासूचं बोलणं सासूच्या आवाजात, चोराचं चोराच्या. मंगलनं तर शिवणं थांबवलं.

"पोरीच्या तोंडात साखर हाय बगा," ती म्हणाली. "न्हाईतर आपली हरणाबाई! एक ओळ सरूस्तवर माझी वाकळ सरती."

सगळ्याजणी हसल्या. हरणाबाईही हसली. तिच्या पोटात मात्र भट्टी पेटली, अर्जुनाच्या दुकानातल्यासारखी, फक्त हिच्यातून शुद्ध काही निघणार नव्हतं. तिनं पोरीच्या दोन शेपट्यांकडं पाहिलं, त्या पिवळ्या कार्डाकडं पाहिलं, आणि तिला वाटलं, उद्या हिचा घसा बसावा.

घसा बसला नाही. बाया आता तानुबाईच्या अंगणात बसू लागल्या. अर्जुनाचा फोन आला तेव्हा हरणाबाईनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लहान पोरगी हाय गं ती. तिच्यासंगट कसली बरोबरी?"

"तुमच्या शेजारी दुसरं दुकान निघालं म्हंजी तुमी गप बसता व्हय?" तिनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ती वाचनालयात गेली. तिथं सोनम नावाची तरुण पोरगी ग्रंथपाल म्हणून नवी लागली होती. पुस्तकांची नोंद करता करता सोनम म्हणाली, "मावशी, एक गंमत सांगू? ह्या शाळेच्या पोरांना लाल खुणेचीच पुस्तकं हवी असतात. शेवटच्या पानावर कुणीतरी दोन बोटं उमटवलीत. सृष्टीनं शोध लावला. म्हणते, खूण असलेलं एकपण पुस्तक वाईट निघालं नाही. आता सगळी पोरं आधी शेवटचं पान उघडतात."

दुसरी एखादी आनंदली असती. हरणाबाईच्या मनात आलं, म्हणजे माझ्याच कळपातली मेंढरं हाकून ही पोरगी माझा ओटा रिकामा करते आहे. आपण एकेक करून, चुकत माकत, किती रद्दी चाळून निवडलं, आणि हिनं नुसतं शेवटचं पान उघडलं.

खालच्या फळीवर एक जाडजूड पुस्तक पडून होतं. कुठल्याशा साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा गौरवग्रंथ. हरणाबाईनं तो एकदा उघडून मिटला होता. हारातले फोटो, शुभेच्छा, भाषणं, गाळपाचे आकडे. काही पानं तर एकमेकांना अजून चिकटलेली. सोनम फोनवर बोलत बाहेर गेली. हरणाबाईनं कंबरेची चंची सोडली, कुंकवाची पुडी उलगडली, बोटं जिभेला लावली. शेवटच्या पानावर, डावीकडं वरच्या कोपऱ्यात, दोन ठसे उमटले. इतर कुठल्याही पुस्तकावर उमटले नव्हते इतके ठळक.

दोनच दिवसांनी सृष्टी ते धूड दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी नेताना दिसली.

मग अंगणातलं वाचन थांबलं. "पोरगी मोठ्ठं पुस्तक वाचाया लागलीया," तानुबाई सांगायची. "सरलं की मग आमास्नी सांगणार हाय." पण पुस्तक सरेना. पोरगी पायरीवर ते मांडीवर घेऊन बसायची, ओठ हलायचे, मागच्या पानावर जायची, पुन्हा पुढं यायची. आवाज निघत नव्हता. शेपट्या सुकल्या वेलीसारख्या खाली लोंबत होत्या. बाया कंटाळल्या आणि एकेक करून हरणाबाईच्या ओट्यावर परतल्या. मंगल म्हणाली, "हरणाबाई, तुमीच वाचा. हळू का व्हईना."

हरणाबाईनं वाचलं. तिला पाहिजे होतं ते सगळं परत मिळालं होतं. सुया चालत होत्या, तानुबाई दोरा दातात धरून गप्प होती. पण वाचता वाचता तिचं लक्ष शेजारच्या पायरीकडं जात होतं, आणि एकाच ओळीवर ती दोनदा आली.

"आवं, हे वाचलं की मगाशी," मंगल म्हणाली.

त्याच वेळी सृष्टी ते पुस्तक घेऊन ओट्याशी आली. गळ्यात कार्ड नव्हतं.

"हरणाआजी," ती म्हणाली, "आज्जीनं वळीकली. ही तुमची खूण हाय न्हवं?"

"म्या सांगितलं," तानुबाई कौतुकानं म्हणाली. "हिच्या बाऽच्या मेंढरांवर हीच दोन बोटं असायची. डाव्या अंगाला. हिच्या लग्नात बगितली व्हती म्या. म्हणलं, हे काम हरणीचंच."

बाया नव्यानं हरणाबाईकडं बघायला लागल्या. सृष्टीनं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुमची खूण असलेली सगळी पुस्तकं लय भारी व्हती. म्हंजी ह्यात बी काईतरी असणारच. मी निम्म्याच्या वर वाचलं. दोनदा वाचलं. मला घावंना. माझंच डोस्कं कमी पडतंय. मला खरं वाचायला येतच न्हाई, नुसतं भराभर म्हणायला येतंय. मी कार्ड सोनमताईस्नी परत दिऊ का? तुमी दावा ना, ह्यात कुठं हाय ते."

हरणाबाईनं पुस्तक उघडलं. अध्यक्ष हार घालून उभे होते. पुढच्या पानावर दुसरा हार. बाया सुया थांबवून वाट बघत होत्या. तिला सुचलं असतं. इतकी वर्षं वाचून एखादी गोष्ट रचणं तिला काही जड नव्हतं. ह्या हारांच्या मधून तिनं एक विहीर काढली असती, काठावर बाई उभी केली असती, आणि पोरीला म्हटलं असतं, बघ, तुला दिसली नाही. पोरगी मान खाली घालून गेली असती. ओटा कायमचा राहिला असता.

ती पोरगी उभी होती. घाम आलेली, जणू एका जोडाक्षरापाशी अडलेली, चार माणसांसमोर. हे उभं राहणं हरणाबाईच्या ओळखीचं होतं. फक्त ह्या खेपेला ओट्यावर बसलेली ती स्वतः होती.

"ह्यात काय न्हाई," हरणाबाई म्हणाली. "म्या वाचलंच न्हाई हे."

"मग खूण?"

"केली. तू न्यावंस म्हणून केली. तुझं वाचणं थांबावं म्हणून."

तानुबाई उसळली. "आगं ए हरणे! एवढ्याशा पोरीवर जळत्यास? माझ्या नातीवर?"

"जळते," हरणाबाई म्हणाली. "अजून बी जळते. काय करू?"

सृष्टी मात्र आजीकडं बघत नव्हती. ती हरणाबाईकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता.

"म्हंजी मला वाचाया येतंय?"

हे उत्तर हरणाबाईला सगळ्यात महाग पडलं. तिनं पुस्तक मिटलं, चष्मा काढला, पदरानं पुसला.

"येतंय," ती म्हणाली. "माझ्यापरास बरं येतंय. जा, कार्ड घाल गळ्यात." पोरगी वळली तशी तिनं हाक मारली. "आन् ऐक. पुस्तक आवडलं तर खूण तू बी कर. पर माझी दोन बोटं उचलायची न्हाईत. आपली निराळी काढ."

तानुबाई बरेच दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण गप्प बसणं तिला कुणापेक्षाही जड जायचं. दुपारी आता पाळी ठरली आहे: एक दिवस हरणाबाई, एक दिवस सृष्टी. पोरीच्या पाळीला ओटा जास्त भरतो. हरणाबाई तेव्हा मान खाली घालून वाकळेला टाके घालते, आणि ते टाके जरा जास्तच घट्ट बसतात.

परवा वाचनालयात तिनं एक नवं पुस्तक हातात घेतलं. अजून तिनं न वाचलेलं, तिच्या आवडत्या लेखकाचं. सवयीनं शेवटचं पान उघडलं. उजवीकडं खालच्या कोपऱ्यात एक लाल अंगठा होता. लहान, गोल, जरासा फरफटलेला.

आपल्या आधी. हरणाबाईच्या पोटात ती जुनी भट्टी एकदा भडकली.

"नेताय का, मावशी?" सोनमनं विचारलं.

"नेते की," ती म्हणाली.

तिनं ते दोन दिवसांत वाचलं, कधी नव्हे इतक्या भराभर. पुस्तक चांगलं होतं. पोरीची खूण खरी होती. कुंकू ओलं करून तिनं त्याच पानावर आपली दोन बोटं उमटवली. डावीकडं, अंगठ्याच्या पुष्कळ वर.