गाडीतलं पाणी येतं कुठून?

पडदे शिवणाऱ्या बाईला गाडीतलं काय कळावं? पण पडदेताईंचं गाडीवाचून पान हलत नसे. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे तागे, अस्तर, दांड्या न्यायच्या, शिवून झालं की पडदे टांगून द्यायचे. हे सगळं बसमधून कसं जमणार? म्हणून दादाने, त्यांच्या थोरल्या भावाने, नवी मोठी गाडी घेतली तेव्हा आपली जुनी पिटुकली गाडी बहिणीला दिली. "इंजिन दगडासारखं आहे," तो म्हणाला होता. दगडासारखं म्हणजे नेमकं कसं, हे ताईंनी तेव्हा विचारलं नाही.

गाडीने बरीच वर्षं इमानेइतबारे साथ दिली. मग एके सकाळी शेजारच्या सीटपुढे ठेवलेला अस्तराचा गठ्ठा उचलायला गेल्या, तर खालून ओलाचिंब. पांढऱ्या अस्तरावर हिरवट डाग. पाऊस नव्हता, बाटली सांडली नव्हती. त्यांनी सीटपुढची पायाखालची चटई वाळवली. दोन दिवसांत ती पुन्हा भिजली. त्याच आठवड्यात भर चौकात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि ताईंनी गाडी कडेला घेतली.

काचेच्या दारांच्या मोठ्या गॅरेजमध्ये इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने दिवसभर गाडी ठेवून घेतली.

"हेड गॅस्केट गेलंय, मॅडम, इंजिनच्या दोन भागांमधलं सील. इंजिन उघडावं लागेल. क्लच संपत आलाय, पुढचे धक्के झेलणारे शॉकही. सगळं एकदम करून घ्या, मजुरी वाचेल."

खर्च ऐकून ताईंना वाटलं, चुकून दुसऱ्याच गाडीचा सांगतोय. एवढ्यात तर अशी अख्खी जुनी गाडी आली असती.

"आणि सीटपुढचं पाणी?"

"ते एसीचं असेल."

"पण एसी मी लावतच नाही."

त्याने संगणकाकडे पाहिलं. "मग पावसाचं."

"पाऊस कुठे पडलाय?"

"बघावं लागेल, मॅडम."

नवऱ्याला गाडी चालवता येत नसे, त्यामुळे त्याचं मत ठाम होतं. "भंगारात दे." दादा फोनवर उखडला. "गॅस्केट? छे! माझ्याकडे कधी तापली नाही. नुसता थर्मोस्टॅट बदल, पाण्याची ती झडप." आणि जरा थांबून, "पण तू म्हणतेस तर विक बाई." ताई तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

शेवटी त्या टायरच्या दुकानामागच्या मेस्त्रीकडे गेल्या. तो बोलका. त्याने ओल्या चटईवर बोट टेकवलं, वास घेतला, ताईंनाही घ्यायला लावला. गोडसर, चिकट.

"हे इंजिनचं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो गळतोय. म्हणून पाणी कमी पडतं, म्हणून गाडी तापते."

ताईंचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे गॅस्केट चांगलं आहे?"

"असं मी कुठे म्हटलं? तापून तापून तेही गेलं असेल. नसेलही."

तो छोटा रेडिएटर स्वस्त, पण त्याच्यापर्यंत पोचायला सगळा डॅशबोर्ड काढायचा, म्हणजे मजुरी भारी. नाहीतर इंजिनच्या बाजूलाच हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकायचे. गळती बंद, हीटरही बंद. थोडक्यात भागतं.

"तुमची असती तर काय केलं असतंत?"

"मी? मी ही गाडी घेतलीच नसती."

ताई तिथल्याच एका टायरवर बसल्या. पडदा जुना झाला की त्या उजेडाकडे धरत. कुठे विरलाय ते लगेच दिसे, मग उसवून दुरुस्त करायचा की फेकायचा ते ठरे. गाडी उजेडाकडे धरायची कशी? चौघे चार बाजूंनी बोलत होते आणि प्रत्येकाचं ऐकताना तोच खरा वाटत होता.

"पाइप जोडा," त्या एकदम म्हणाल्या. "आणि क्लच नवा घाला." क्लच का, तर दाबून दाबून गुडघा दुखत होता. एवढी एकच गोष्ट त्यांना स्वतःला पक्की ठाऊक होती. शॉक राहू दिले.

चटई कोरडी राहिली. काटा मधोमध थांबू लागला. थंडीच्या सकाळी मात्र काच आतून धुरकट होई आणि ताई खिडकी उघडून, कानाला स्कार्फ गुंडाळून, कुडकुडत गाडी चालवत. एकदा चढावर काटा वर सरकला, आणि मग आपणच खाली आला. का चढला, का उतरला, मेस्त्रीलाही सांगता आलं नाही. "चालवत राहा," तो म्हणाला.

काही महिन्यांनी मोठ्या गॅरेजातून फोन आला, तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाच्या इमारतीखाली गाडी लावत होत्या.

"मॅडम, गॅस्केटचं काय ठरलं?"

"काही नाही. गाडी चालतेय."

"खरं तर चालायला नको होती."

"मलाही तेच कळत नाही हो," ताई मनापासून म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी मागच्या सीटवरचा जड तागा खांद्यावर घेतला आणि जिना चढू लागल्या.