खेकडा चावला नव्हता

देवीदास गेल्याची बातमी मी आठ जणांना फोनवर सांगितली आणि त्यातल्या पाच जणांनी ती मानलीच नाही. "सकाळी सकाळी चालू झाला का बे वसंता," म्हणून एकानं फोन ठेवला. दुसरा नुसता हसला. तिसऱ्यानं विचारलं, "मंग परत कधी येऊन राह्यला तो?" दोष त्यांचा नाही. सेलूत माझं पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, पण तालुका मला ओळखतो तो थापांसाठी. बोरच्या जंगलात वाघाच्या पाठीवर टॉर्च विसरून आलेला माणूस मीच, आणि आमच्या विहिरीत पडलेली बादली आठ दिवसांनी पवनारला धाम नदीतून काढून आणणाराही मीच. त्या दिवशी मात्र सांगायचं एवढंच होतं, की वर्ध्याच्या भाजीबाजारात पत्ताकोबीची पोती उतरवता उतरवता माझा मित्र, वय चोपन्न, खाली बसला आणि उठला नाही. त्यात मी एक अक्षर वाढवलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरनं देवाच्या बायकोला, शोभावहिनींना विचारलं, "यांना याआधी कधी काही त्रास झाला होता?" वहिनी पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. "नाई जी," त्या म्हणाल्या. "काहीच नाई. एकदा पायाले खेकडा चावला होता, तेवढंच." डॉक्टरनं मान हलवली. मी मागे देवाच्या चपला हातात घेऊन उभा होतो. तो खेकडा माझा आहे. त्याची हकिगत आता लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी देवानं मुलीचं लग्न उरकलं आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसला. "मले समुद्र पाहाचा हाये." मी म्हटलं, मुंबईला जा. तो म्हणाला, "एका काठावरून काय पाहाचा? तसं तर बोर धरणही समुद्रच दिसते. चारी बाजूनं पाहाचा." चारी बाजूंनी समुद्र म्हणजे बेट, आणि रस्त्यानं जाता येईल असं बेट म्हणजे रामेश्वरम. मग आम्ही त्याचा भाजीचा पिकअप धुतला, मागे दोन गाद्या, स्टोव्ह आणि पोतंभर वांगी टाकली, आणि जांबच्या चौकातून जे दक्षिणेला तोंड केलं ते समुद्र लागेपर्यंत फिरवलंच नाही. स्टिअरिंग त्यानं मला एकदाही दिलं नाही. त्याच्या गावात, हिंगणीत, सगळ्यांना ठाऊक होतं, देवा एक वेळ घर देईल पण गाडी देणार नाही.

आमच्याकडे नवं वावर पाहायचं तर आधी त्याचे चारी धुरे, म्हणजे बांध, पायी फिरायचे, ही रीत. देवानं बेटाचं तसंच केलं. पूल ओलांडला तिथे उतरून पाण्यात पाय बुडवला आणि म्हणाला, "एक धुरा झाला." मग वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून, नारळाच्या झाडांमधून, उलट्या टाकलेल्या होड्यांमधून आम्ही गाडी घातली. मिळेल तो रस्ता पाण्यापर्यंत, पुन्हा मागे, पुन्हा पाण्यापर्यंत. एका कोळिणीनं त्याला विचारलं असावं, काय शोधता? हा तिला वऱ्हाडीत सांगतो, "शीव पाहून राह्यलो, बाई." तिनं त्याला पाणी दिलं. मी देवाला तीस वर्षं ओळखत होतो, पण इतका हलका झालेला पहिल्यांदाच पाहत होतो. दोन धुरे, तीन धुरे... चौथ्यासाठी आम्ही डांबर संपतं त्या टोकाला गेलो. भर दुपार होती. देवा उतरून दहा पावलं चालला आणि वाळूत बसला. मला वाटलं पाहतो आहे. जवळ गेलो तर शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ राखेसारखे, आणि डावा हात उजव्या हातानं धरलेला. पाव तास तो तसाच होता. मी त्याच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला, तोंडात सोडा ओतला, दुसरं काही मला सुचलं नाही.

रामेश्वरमच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरनं छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, आपल्या छातीवर हात ठेवला, मग रस्त्याकडे बोट करून तीनदा म्हणाला, मदुराई, मदुराई, मदुराई. देवानं पट्टी खिशात घातली. गाडीपाशी आल्यावर किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हा मी खरा घाबरलो. मदुराईत मोठा दवाखाना दिसला, मी गाडी हळू केली. तो म्हणाला, "थांबू नको. आपल्याकडं दाखवू. अन् शोभीले सांगू नको, ती जेवणार नाई." मी थांबलो नाही... पण गाडी तू काऊन चालवत आणली, असं गाव विचारणार होतं. त्याचं उत्तर हवं होतं. आदिलाबादपर्यंत माझ्या डोक्यात ते तयार झालं: तव्याएवढा खेकडा, त्यानं देवाच्या उजव्या अंगठ्याला धरलं, सहा कोळी ओढायला लागले, त्यामुळे त्याला ब्रेकवर पाय दाबता येत नाही.

गाव आठ दिवस हसलं. वहिनी तर पोट धरून भिंतीला टेकल्या. बाजारात अडते ओरडायचे, "काय खेकडे, पाय बरा का?" आणि देवा त्यांच्यासाठी लंगडायचा, कधीकधी चुकीच्या पायानं. पट्टी कुठे गेली, मला माहीत नाही. डॉक्टरला कधी दाखवतो, असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, कोबी निघू दे, मेथी निघू दे. आमच्याकडे काही ना काही निघायचं राहिलेलंच असतं.

एकदा मी सांगितलं. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातं आहे. देवा वावरात होता, वहिनी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी म्हटलं, "वयनी, खेकडा चावला नव्हता. त्याच्या छातीत दुखलं होतं तिथं." वहिनींनी वर पाहिलं आणि हसायला लागल्या. "मंग काय, मगरीनं छातीवर पाय देल्ला का भाऊजी?" त्या क्षणी मला पुन्हा तेच वाक्य, फक्त न हसता, म्हणायचं होतं. एवढंच काम होतं. पण समोरचा हसला की मला आवरत नाही, जन्मात आवरलं नाही. मी म्हटलं, "मगरच, वयनी. बारा हात." आणि आम्ही दोघंही हसलो. मनात म्हटलं, सांगितलं तर खरं आपण.

तेरवीनंतर आठवड्यानं मी हिंगणीला गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनींनी मधे फक्त तीन गोष्टी विचारल्या.

"किती वेळ बसले होते?"

"पाव तास."

"घाम आलता?"

"हाव."

"मी हासली, अन् तुम्हीही हासले."

"हाव."

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी चपला घालत होतो, तेव्हा बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून. वरून काई लावू नका त्याले."

तेव्हापासून दर सोमवारी दुकान बंद असतं त्या दिवशी मी जातो आणि सांगतो. माफी मी मागितलेली नाही, त्यांनी दिलेली नाही. सोडा आधी की डोक्यावर रुमाल आधी, यात मी चुकलो तर त्या थांबवतात. परवा त्यांनी नवीनच विचारलं, "त्या शेवटच्या टोकाले पाणी कसं होतं?"

"एका अंगानं हिरवं, एका अंगानं निळं," मी म्हणालो. "दोन समुद्र भेटते तिथं. डावीकडचं तळ्यावानी थंड, उजवीकडचं उसळ्या मारते. मधात नुसती वाळू. तो त्या वाळूत बसला होता."

बोललो आणि माझं मलाच ते थापेसारखं ऐकू आलं. पण ते तसंच होतं, रंगासकट. या घरात मी काही सांगितलं की वहिनी माझ्याकडे बघतच नसत. देवा बाजेवर बसलेला असायचा, त्याच्याकडे बघायच्या. त्याची मान हलली तर खरं, नाही तर थाप. तीस वर्षांत त्यानं एकदाच खोटी मान हलवली, खेकड्याच्या वेळी.

बाज आता भिंतीला उभी करून ठेवली आहे. वहिनींनी मान वळवून तिकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.