अंतोनशी घातलेला वाद

"मरियामायले देवळातून हाकलून देनारे तुमीच काय जी?"

अंतोन मला पहिल्यांदा भेटला तो हा प्रश्न घेऊनच. गोंदियाच्या मिशनशाळेत मला लागून जेमतेम आठवडा झाला होता. मी फळा पुसत होतो आणि दारात एक उंच, काळासावळा माणूस उभा, निळा सदरा, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या. मी म्हटलं, बाबा, मी कुणालाही हाकललेलं नाही. "तं मंग येशूची माय तुमच्या देवळात दिसत काऊन नाई?" असं म्हणून तो खुशाल पोरांच्या बाकावर बसला, आणि संध्याकाळच्या ड्यूटीची वेळ होईपर्यंत उठला नाही.

अंतोन रेल्वेत पॉइंट्समन होता. गाडीचे रूळ बदलून देणं हे त्याचं काम. त्याचा बाप नागपूरच्या एका फादरच्या हातून कॅथलिक झालेला. मी नगरकडचा, आजोबांपासून प्रोटेस्टंट. त्या काळी गोंदियात ख्रिस्ती माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे भांडायला आम्हाला एकमेकांशिवाय होतंच कोण? बाजारातले तांदळाचे व्यापारी तर आम्हा दोघांना एकाच टोपलीत टाकत. "दोनों किरिस्तान, फिर झगड़ा काहे का?" असं विचारत. अंतोनला याचा फार राग यायचा. मला गंमत वाटायची.

दर रविवारी दुपारी तो यायचा. मी त्याच्यासमोर पवित्र शास्त्र उघडून ठेवी आणि म्हणे, दाखव, मेल्यावर आत्मे जिथं धुऊन निघतात म्हणता ते शुद्धिस्थळ यात कुठं लिहिलंय. तो पुस्तकाकडे बघतही नसे. "गाडी डायरेक प्लॅटफॉर्मवर येते का जी? आऊटरले थांबते. सिग्नल भेटला का मंग आत. मानूस तं गाडीहून मळका." त्याच्या देवळातली उपासना लॅटिनमध्ये. मी विचारलं, त्यातलं तुला कळतं तरी काय? "देवाले कळते ना? मंग मले कायले कळाले पायजे?" यावर काय बोलणार, कपाळ! मी जन्मभर शिकवलं, पण इतकं बिनधास्त अज्ञान दुसरं पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर रविवारची वाट मीही बघत असे.

एकदा मी त्याला चांगलाच कोंडीत पकडला. त्यांचा फादर नागपूरहून महिन्या-दीड महिन्याने येणार. मधल्या काळात एखादं लेकरू जन्मून बाप्तिस्म्याआधीच गेलं तर? फादरची गाडी चुकली म्हणून देव त्याला दारातून परत पाठवणार का? मला वाटलं, आता हा गप्प होईल. पण तो शांतपणे म्हणाला, "फादर नसला तं कोनी बी बाप्तिस्मा देऊ शकते. हिंदू असो, मुसलमान असो. तुमी बी. डोक्शावर पानी टाकाचं, बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं मनाचं. झालं."

"आणि कुणीच नाही टाकलं तर?"

"तं त्याले जाच नाई. पन त्याले देव दिसत नाई. मायबाप बी दिसत नाई. कधीच."

"हे तुझ्या देवाला शोभतं?" मी म्हणालो. "ओंजळभर पाण्यासाठी तो लेकराला बाहेर ठेवणार? आम्ही नाही मानत असलं काही." त्या दिवशी तो चहा न घेताच गेला. त्याच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वादात जिंकण्याची मला इतकी घाई असे की असल्या गोष्टी लक्षातच येत नसत.

पुढच्या वर्षी तेरेजाला, त्याच्या बायकोला, दिवस गेले. अंतोन रस्त्यातल्या माणसांना थांबवून सांगायचा. सातवा महिना लागला आणि त्याला बदली माणूस म्हणून पंधरा दिवस सौंदडच्या स्टेशनावर पाठवलं. जाताना तो मला म्हणाला, "घराकडं ध्यान ठेवा, मास्तर."

चार दिवसांनी भर दुपारी दाईचा निरोप आला. मी वर्ग सोडून धावलो. मुलगी झाली होती, दोन महिने आधी. एवढीशी, निळसर, श्वास मधूनच थांबे. तेरेजाला शुद्ध जेमतेम होती. तिने लोट्याकडे बोट केलं. "मास्तर, पानी टाका. मले शब्द येत नाई. तुमाले येते."

मला शब्द येत होते. लोटा हातभर अंतरावर होता. पण मी काय केलं? मी विचार केला. मी दीक्षा घेतलेला पाळक नाही, मला अधिकार नाही, हा एक विचार. आणि दुसरा, जो खरा: आज पाणी टाकलं म्हणजे इतकी वर्षं जे खोटं म्हणत आलो ते मान्य केलं. मी म्हणालो, "बाई, देव पाण्यासाठी अडून राहत नाही. आपण प्रार्थना करू." मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. चांगली केली, लांब केली. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा दाई लेकराच्या तोंडावर फडकं ओढत होती.

संध्याकाळच्या गाडीने अंतोन आला. गार्डने त्याला वाटेतच सगळं सांगितलं होतं. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा शांत. माझा हात धरून म्हणाला, "तुमी होते मनून मले तेवढा घोर नव्हता. पानी टाकलं ना?"

मी नाही म्हणालो. तो आत तेरेजापाशी गेला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून कॅथलिकांच्या दफनभूमीत पोरीला जागा मिळाली नाही. कुंपणाबाहेर, धानाच्या बांधालगत पुरलं. मी म्हणालो, आमच्या दफनभूमीत आण, आमच्याकडे असा भेद नाही. "तुमच्याकडं जागा हाय," तो म्हणाला, "पन माह्या मनाले ते लागत नाई, मास्तर."

त्यानंतर तो वाद घालायचा थांबला. रविवारी यायचा, बसायचा आणि म्हणायचा, "सांगा तुमचं." मग मी सांगे, की लेकरं देवाचीच असतात, ती त्याच्यापाशीच जातात. शास्त्रातली वचनं काढून दाखवी. आधी पुस्तकाकडे ढुंकून न बघणारा अंतोन आता वचनावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायचा. त्याला आता हरायचं होतं, आणि मला त्याला हरवणं जमत नव्हतं. "आयकून राहिलो तवरिक बरं वाटते," तो म्हणायचा. "बाहेर गेलो का मंग नाई."

सहा वर्षांनी त्याला काळा ताप आला. या वेळी फादर वेळेवर पोचले. पापांची कबुली झाली, मरणाऱ्याला लावतात ते तेल कपाळाला लागलं, सगळं रीतसर झालं. मी आत गेलो तेव्हा तो रडत होता. मी म्हणालो, अंतोन, आता तर तुझं सगळं नीट झालं.

"तेच तं," तो म्हणाला. "मी देवापाशी जाऊन राहिलो. माही पोरगी तिथं नाई." थोड्या वेळाने त्याने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "मास्तर, खरं सांगा. ती तिथं असन, हे तुमाले पक्कं ठाऊक हाय का?"

हो म्हणायचं होतं. एकच शब्द. पण त्या दुपारपासून मलाही काही पक्कं ठाऊक राहिलेलं नव्हतं, आणि खोटं कधी बोलू नये असं मी शाळेत शिकवत आलो होतो. मी म्हणालो, "माझा तसा विश्वास आहे."



"मनजे तुमाले बी ठाऊक नाई," तो म्हणाला, आणि माझं मनगट सोडून भिंतीकडे वळला.