आत्या मागे बसली म्हणून

परवा पंपावर पेट्रोल हातावर सांडलं, आणि त्या वासासरशी मी थेट दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला पोहोचलो. म्हणजे पोहोचतो की नाही, हीच तेव्हा पंचाईत होती.

उतार आला की बाबा पेट्रोल वाचवायला स्कूटर बंद करत. त्या सकाळी केळझरच्या उताराच्या तोंडाशी ती आपणहूनच बंद पडली. बाबांनी आडवी करून पाहिली, पण टाकी कोरडी. मागे मी आणि माझ्यामागे गणपतीच्या दर्शनाला निघालेली, अंगाने चांगली भरलेली आत्या. ती ओशाळून म्हणाली,

"मी उतरतो, भाऊ. माह्या वजनानं कायची जाते गाडी!"

"बसून राह्य बाई. तू हाय म्हणूनच त लांब जाईन!"

मला काही कळेना. ओझं असलं की गाडी लांब जाते?

पण ती गेली. बाबा एकटे असले की सपाटीवरच्या बाभळीशी थांबणारी स्कूटर बाभूळ ओलांडून पुढे निघाली. शाळेचं फाटक आलं, बाबांनी ब्रेक दाबला, तरी फाटक मागे पडलंच!

वेग तेवढाच असला तरी वजनामुळे संवेग जास्त, म्हणून समोरच्या वाऱ्याला गाडी लवकर थोपवता येत नाही, असं माझी मुलगी आता मला समजावते. मी मान डोलावतो. कळत अजूनही नाही.

गाडी थांबताच मी उडी मारून फाटकाकडे पळालो. मागून बाबांचा आवाज आला, "उतर आता, बाई."

"थांब ना भाऊ," आत्या ऐटीत म्हणाली, "जराशीक बसू दे."